ऑनिक्सियाची पिल्लं हीलरवरच का येतात: मोल्टन कोर आणि ऑनिक्सिया, एका रात्रीचा वृत्तांत

"हीलर मागं उभा असतो, त्याला काय होतंय?" असं सांगून नव्या प्रीस्टांना (हील करणारा, म्हणजे साथीदारांची हेल्थ भरून काढणारा वर्ग) रेडला (मोठ्या गटाच्या मोहिमेला) नेणं बंद करा. दुसरा सल्ला त्याहून वाईट: "ॲग्रो येत असेल तर कमी हील कर." ॲग्रो म्हणजे शत्रू तुमच्यावर उलटणं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकच्या 40 जणांच्या रेडमध्ये हे दोन्ही सल्ले घेऊन उतरलेले हीलर शनिवारी रात्री ऑनिक्सिया या ड्रॅगनच्या गुहेत दोनदा आडवे झाले आणि त्यांच्यामागं अख्खी रेड. राजारामपुरी, कळंबा, उचगाव, जिथून तिथून कोल्हापूरची मंडळी साडेनऊला लॉगिन झाली होती. तिसऱ्या खेपेला ऑनिक्सिया पडली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. तिसऱ्या खेपेला कुणी कमी हील केलं नाही. हील कधी करायचं तेवढं बदललं.

अट्यूनमेंट (रेडमध्ये शिरायची परवानगी), साधं गिअर (शस्त्रं-चिलखत) आणि ओमेनसारखा थ्रेट मीटर तुमच्याकडं आहे असं धरून चालतो.

आधी हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मॉब म्हणजे शत्रू, टँक म्हणजे त्याचा मार अंगावर घेणारा, आणि थ्रेट म्हणजे मॉबला कुणाचा किती राग आहे तो आकडा. डॅमेजच्या एका पॉइंटला एक थ्रेट, हीलच्या एका पॉइंटला अर्धा. हा अर्धा लढाईत असलेल्या सगळ्या मॉबांत समान वाटला जातो. ओव्हरहीलला थ्रेट शून्य, म्हणजे पूर्ण हेल्थवर असलेल्या माणसावर कितीही हील ओता, मॉबला कळतसुद्धा नाही. मॉब टँकला सोडून तुमच्याकडं यायला तुमचा थ्रेट टँकच्या 110 टक्क्यांवर जावा लागतो, तोही तुम्ही मॉबच्या हाताच्या अंतरात असाल तर. लांब उभे असाल तर 130 टक्के. ही 20 टक्क्यांची सवलत फुकट मिळते, म्हणून लांबच उभं राहा.

पण ज्या मॉबला अजून कुणी हात लावलेला नाही त्याच्या यादीत टँकचा थ्रेट शून्य असतो. शून्याचे 130 टक्के शून्यच. तिथं रिन्यूचा (ठरावीक सेकंदांनी थोडं थोडं हील करणारा मंत्र) एक टिकसुद्धा (एक हप्ता) पुरतो. हीलरच्या सगळ्या दुखण्याचं मूळ हे आहे.

मोल्टन कोरमध्ये लुसिफ्रॉन, मॅगमाडार, गेहेनास या बॉसांशी थ्रेटची काळजी नको. वाटेतल्या कोअर हाउंडच्या पाचांच्या कळपाकडं मात्र लक्ष द्या. पुलच्या (लढाई सुरू करण्याच्या) आधी टँकवर रिन्यू लावून ठेवायची सवय इथं नडते. टँकला पहिला फटका बसला की पुढचा टिक खरा हील ठरतो, आणि त्याचा थ्रेट टँकनं न शिवलेल्या कुत्र्यांवरही जातो. टँकनं "धरलं" म्हटल्यावरच रिन्यू लावा. पॉवर वर्ड शील्ड तर टँकवर नकोच. रँक 10 चं शील्ड 942 शोषतं आणि त्याचा अर्धा, 471 थ्रेट, टाकल्या टाकल्या तुमच्या नावावर चढतो. वर शोषलेल्या माराचा रेज (मार खाऊन मिळणारी ताकद) वॉरियरला मिळत नाही, म्हणजे टँकचा थ्रेटही मंदावतो. दुहेरी तोटा.

पुढं गार हा बॉस. त्याच्याकडं आठ फायरस्वॉर्न, म्हणजे तो धरून नऊ मॉब. 2000 चा खरा हील केला तर 1000 थ्रेट, नऊ जणांत वाटून प्रत्येकी 111. ऑफ-टँकचा (जोडीच्या टँकचा) रँक 5 चा एक संडर आर्मर (थ्रेट वाढवणारा वार) सुमारे 260 थ्रेट. वॉरियरच्या डिफेन्सिव्ह स्टान्सचे 1.3 आणि डिफायन्स टॅलेंटच्या पाच पॉइंटांचे 1.15 गुणले की सुमारे 390. त्याच्या 130 टक्के म्हणजे 507. याचा अर्थ, फायरस्वॉर्नला एकच संडर बसला असेल तर लांबच्या हीलरला चार मोठे हील माफ, पाचव्याला तो वळणार. सायलेंट रिझॉल्व्ह या प्रीस्टच्या टॅलेंटचे पाचही पॉइंट घेतले असतील तर थ्रेटला 20 टक्के सूट, हीलमागचा थ्रेट 89 वर येतो. त्यावर पॅलाडिनच्या ब्लेसिंग ऑफ साल्व्हेशनची 30 टक्के सूट, म्हणजे 62, आणि आठ हील माफ. साल्व्हेशनशिवाय हीलर रेडला नेऊच नका. होर्ड या विरुद्ध पक्षाकडं साल्व्हेशन नसतं, त्यांनी हीलरांच्या पार्टीत ट्रँक्विल एअर टोटेम ठेवावा, त्याची सूट 20 टक्के.

शनिवारी इथंच एक घोळ झाला, तो तुम्ही टाळा. ग्रेटर ब्लेसिंग एका वर्गातल्या सगळ्यांवर एकदम बसतं. वॉरियरांना ग्रेटर साल्व्हेशन दिलं तर ते टँकवरही बसतं आणि टँकचा थ्रेट 30 टक्क्यांनी घटतो. गारच्या वेळी मॉब सारखे सुटत होते आणि शिव्या हीलर खात होते. पुलच्या आधी प्रत्येक टँकनं आपल्या बफच्या (अंगावर लावलेल्या मंत्रांच्या) रांगेत बघावं आणि साल्व्हेशन दिसलं की राइट क्लिक करून काढून टाकावं.

शाझराह हा बॉस ब्लिंक करून (क्षणात जागा बदलून) कुणाच्याही अंगावर जातो आणि सगळ्यांचा थ्रेट पुसला जातो. ब्लिंक दिसताच चालू कास्ट थांबवा आणि टँक पोचेपर्यंत दोन सेकंद हात आवरा. याच क्षणी मना (मंत्रांना लागणारी शक्ती) देणारं पोशन प्यायचं नाही. मिळालेल्या मनालाही पॉइंटमागं अर्धा थ्रेट असतो. मेजर मना पोशन 1350 ते 2250 मना देतं, म्हणजे 675 ते 1125 थ्रेट, आणि वाटून घ्यायला दुसरा मॉब नाही. ही गोष्ट फार कमी जण सांगतात.

पुढचे बॉस सरळ गेले. रॅग्नारोस या शेवटच्या बॉसला तीन मिनिटांत पाडता आलं नाही तर तो लाव्हात बुडतो आणि आठ सन्स ऑफ फ्लेम येतात. ते शेजारच्या कास्टरांचा मना जाळतात, म्हणून हीलरनं जागा सोडून ऑफ-टँककडं सरकावं आणि त्यानं धरेपर्यंत थांबावं.

आता ऑनिक्सिया. करूळ घाटात नवखा ड्रायव्हर ज्या वळणावर घाबरून उलटं स्टिअरिंग मारतो तसला हा टप्पा आहे. 65 टक्के हेल्थवर ती उडते आणि दोन्ही बाजूंच्या खड्ड्यांतून पिल्लं बाहेर येतात. पिल्लं आल्या क्षणी रेडशी लढाईत असतात आणि कुणाचाही थ्रेट त्यांच्यावर नसतो. नेमकं तेव्हाच पहिल्या फेजमध्ये मार खाल्लेल्यांना भरून काढायला हीलर प्रेयर ऑफ हीलिंग टाकतात. पिल्लं त्यांच्यावर धावतात, हीलर घाबरून लांब पळतो, पळत पळत खड्ड्याजवळ जातो, तिथली अंडी फुटतात आणि आणखी पिल्लं येतात. दोन्ही वाइप (अख्खी रेड मरणं) असेच झाले. इस्कोट व्हायला वीस सेकंद पुरले.

तिसऱ्या खेपेला केलं ते असं. ऑनिक्सिया 70 टक्क्यांवर आली की डीपीएसनी (मार देणाऱ्यांनी) हात सैल सोडायचा आणि हीलरांनी सगळ्या रेडला काठोकाठ भरून घ्यायचं. जखमी माणसांवर रिन्यू किंवा रिजुव्हनेशन (ड्रुइडचं रिन्यूसारखंच हील) उरू द्यायचं नाही. ती उडते तेव्हा रेड पूर्ण असेल तर नंतरचे हील ओव्हरहील होतात, म्हणजे थ्रेट शून्य. सगळ्यात जास्त फरक एवढ्यानंच पडला.

दोन ऑफ-टँक, एकेका बाजूच्या खड्ड्याच्या तोंडाशी, पण अंड्यांपासून दूर. पहिल्या पाच-सहा सेकंदांत हील लागलाच तर तो प्रीस्टनं करायचा नाही, पॅलाडिननं करायचा. पिल्लं त्याच्यावर आली तरी अंगात प्लेट आहे आणि पायाखाली कॉन्सिक्रेशन (जवळच्या सगळ्या मॉबांना लागणारा मंत्र) टाकता येतं. ऑफ-टँकनं चॅलेंजिंग शाउट याच घडीसाठी राखायचा: सहा सेकंद जवळची सगळी पिल्लं त्याच्याकडं वळतात, मात्र कूलडाउन (पुन्हा वापरण्याआधीची वाट) 10 मिनिटांचा, म्हणून एका लढाईत एकदाच धरून चाला.

फेड या प्रीस्टच्या मंत्राचा गैरसमज इथं मारतो. रँक 6 चा फेड 820 थ्रेट कमी करतो, पण 10 सेकंदांपुरताच. नंतर तो सगळा परत येतो. आणि तो पिल्लं अंगावर आल्यावर दाबायचा, यायच्या आधी नाही. त्या 10 सेकंदांत ऑफ-टँकनं पिल्लू धरलं तर तुम्ही वाचलात, नाही धरलं तर ते पुन्हा तुमच्यावर.

पिल्लू अंगावर आलं तर ऑफ-टँककडं धावा. टाँट (मॉबला आपल्याकडं वळवायचा डाव) जवळूनच लागतो, तुम्ही लांब पळालात तर टँकला तुमच्यामागं पळावं लागतं आणि त्याच्याकडची बाकीची पिल्लं सुटतात. डीप ब्रेथची (ऑनिक्सियाच्या आगीच्या लोटाची) सूचना दिसली की तिच्या तोंडासमोरची रेष सोडा, पण खड्ड्यांकडं नको. 40 टक्क्यांवर ती उतरते आणि फिअर सुरू होतो. फिअर लागलेला माणूस पळत अंड्यांत गेला की परत पिल्लं, म्हणून एक ऑफ-टँक शेवटपर्यंत मोकळा ठेवा. ड्वार्फ प्रीस्टांनी फिअर वॉर्ड (फिअरपासून बचाव) मुख्य टँकवरच टाकायचा.

लिमिटेड इनव्हल्नरेबिलिटी पोशन जवळ एक असू द्या. सहा सेकंद शारीरिक मार लागत नाही आणि मॉब दुसरीकडं वळतात. पण मना पोशनचा आणि याचा दोन मिनिटांचा कूलडाउन एकच आहे, तेव्हा उडायच्या वेळी मना पोशन पिऊन बसू नका. शनिवारी संध्याकाळी खेळातल्या लिलावात हे विकत घेणं म्हणजे लूट आहे. रेडच्या दिवशी भाव चढवून मांडणारे ठरलेले असतात. दोन ब्लाइंडवीड, एक घोस्ट मशरूम आणि एक क्रिस्टल व्हायल एवढ्यात बनतं. साहित्य आठवड्याच्या मध्याला गोळा करा आणि गिल्डमधल्या अल्केमिस्टकडून करून घ्या.

कोल्हापुरातून खेळताना सर्व्हर लांबचा, त्यामुळं पडद्यावर पिल्लू दिसतं तोवर ते तुमच्याजवळ आलेलं असतं. मीटरवर 130 ची वाट बघू नका, 100 ला हात थांबवा. पावसाळ्यात राउटर छोट्या यूपीएसवर ठेवा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघा. लाइट गेली की तुमचा प्रीस्ट जागीच उभा राहतो, त्यानं लावलेले रिन्यू टिक देत राहतात आणि थ्रेट त्याच्या नावावर चढतच जातो. अशा वेळी फोनवरून व्हॉइसवर एवढंच सांगा: "मी पडलो, माझ्याजवळची पिल्लं धरा."