देवघेव नोंदवहीतला अंगठा

जुन्या पुस्तकांचा मोठा शत्रू वाळवी, असे आम्हा ग्रंथालयवाल्यांना प्रशिक्षणात शिकवतात. माझ्या अनुभवाने सांगायचे तर निर्लेखनाची, म्हणजे काढून टाकायच्या वस्तूंची, यादी वाळवीपेक्षा जास्त खाते, आणि आमच्या ग्रंथालयातल्या अशा एका यादीवर माझी स्वतःची सही आहे. उत्तर नागपुरात, पाचपावली आणि तांडापेठेच्या विणकर वस्तीला लागून असलेल्या या 'ब' वर्ग ग्रंथालयात मी नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच वर्षी कपाटे कमी पडत असल्यामुळे जुने सभासद-अर्ज आणि देवघेवीच्या नोंदवह्या रद्दीत काढायचे ठरले. ती पुस्तके नव्हती, त्यामुळे त्यांना दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाच्या मालमत्तेत नोंद झाल्याचे क्रमांक, नव्हते, आणि दाखल क्रमांक नसलेली वस्तू गेली तरी लेखापरीक्षणात कुणी विचारत नाही. मी यादी केली, सही केली, रद्दीवाल्याने वजन केले. एकच वही वाचली, कारण कात्रणे चिकटवायच्या खळीचे भांडे आमचा शिपाई तिच्यावर ठेवत असे आणि यादी करताना ती त्या भांड्याखालीच राहून गेली.

ही वही १९५४ ते १९५७ या काळातली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि राजधानीचा मान गेला, ही घटना तिच्यात एवढ्याच रूपाने आहे की शिक्क्यातले राज्याचे नाव बदलते. मला मात्र कोडे घातले ते १९५५ च्या पावसाळ्यातल्या नोंदींनी. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत एकाच सभासदाने एकच पोथी दर आठ दिवसांनी परत करून पुन्हा नेली होती, आणि प्रत्येक वेळी सहीच्या रकान्यात अंगठा होता. ज्याला सही येत नाही तो पोथी कशाला नेतो? शिवाय तो अंगठा म्हणजे नुसता निळा गोळा होता, एकही रेघ उमटलेली नव्हती. तेव्हाच्या कारकुनाने शाई जास्त लावली असावी, असे मी ठरवून टाकले होते.

विणकरांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम आम्ही पुढे सुरू केले, त्यामागे त्या रद्दीची बोचणी होतीच. काम वाटले त्याहून अवघड निघाले. लोक पाहुणचार करत, चहा पाजत, पण यंत्र पुढे ठेवले की गप्प होत. त्याचे कारण या वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. विणकरांचा हलबा कोष्टी समाज अनुसूचित जमातीत मोडतो की नाही, हा प्रश्न दशकानुदशके कोर्टात होता आणि २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. तेव्हापासून इथल्या घराघरांत आजोबांचा शाळेचा दाखला हा देव्हाऱ्यातल्या वस्तूइतका जपून ठेवलेला असतो. आमच्याकडे येणारे निम्मे 'संशोधक' आपल्या जमातीचा १९५० पूर्वीचा पुरावा शोधायला आलेले असतात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिजमातींवरील इंग्रजी ग्रंथाची झेरॉक्स आमच्याकडे आहे. तिच्यातली कोष्ट्यांवरची पाने उलटून उलटून काळी पडली आहेत, बाकीचा ग्रंथ पांढरा आहे. अशा ठिकाणी 'तुमचे पूर्वज कोण, कुठून आले' हा प्रश्न इतिहासाचा राहत नाही.

मी सांगते आहे तो दिवस पोळ्यानंतरचा, ग्रंथालयाच्या साप्ताहिक सुट्टीचा. एक्क्याऐंशी वर्षांचे एक विणकर नातवाच्या गाडीवर बसून आले. आम्ही त्यांना बाबाजी म्हणतो. मी नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न सालाचा विचारला, दुसराही सालाचाच. तिसऱ्याला ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही साल काऊन विचारून राहिल्या? साल तुमच्या कपाटात असंल. माझ्यापाशी माग हाय." मी वही मिटली, आणि मुलाखत तिथून खरी सुरू झाली.

त्यांची कालगणना वेगळी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारे पुतळे, काळी आणि पिवळी मारबत, भिजत निघाल्या ते वर्ष, सूत महागले ते वर्ष, थोरल्या भावाने हातमाग सोडून एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार म्हणून नाव लावले ते वर्ष. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, ती 'आमच्या आज्याच्या डोळ्यांदेखत', असे ते म्हणाले. हिशेब जुळेना, म्हणून मी मनात त्यावर फुली मारली. नंतर कळले की त्यांच्या घरात बापाच्या मागचे सगळेच आजे. गिरणीत न जाणाऱ्या हातमागवाल्यांचा दिवससुद्धा तिच्या भोंग्यावर चाले. "भोंगा त्यायचा, घड्याळ आमचं," असे ते म्हणाले.

पाजणीबद्दल, म्हणजे सुताला खळ देण्याबद्दल, मात्र ते अर्धा तास बोलले, आणि बोलताना त्यांना टेबल पुरेना, म्हणून उठून उभे राहिले. पहाटे, ऊन चढायच्या आत, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, म्हणजे उभे धागे, पसरायचा, त्याला पिठाची पातळ खळ द्यायची आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी कुंचे मारत चालत जायचे. ऊन लागले की खळ आधीच वाळते आणि धागे एकमेकांना चिकटतात. पाऊस आला तर सगळाच ताणा वाया. चालणाऱ्यांचा पाय एक पडला पाहिजे. मग त्यांनी मला टेबलाच्या पलीकडे उभे केले आणि हातात कुंचा असल्यासारखे आम्ही वाचनकक्षाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनदा चालून गेलो. ध्वनिमुद्रणात त्या जागी पावलांचा आवाज आहे आणि मध्येच "मॅडम, तुमचा हात मागं राहिला" असे एक वाक्य आहे. या वस्तीतल्या कित्येक गल्ल्या इतक्या सरळ का, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

खळीचा विषय निघाला म्हणून मी ती वही आणली, तिच्या पुठ्ठ्यावरचे खळीच्या भांड्याचे गोल डाग दाखवले आणि सहज अंगठ्याचे पान उघडले. नाव त्यांच्या वडिलांचे निघेल अशी मला अजिबात कल्पना नव्हती. त्यांनी नाव वाचले, काही वेळ बोलले नाहीत, मग स्वतःचा उजवा अंगठा माझ्यासमोर धरला. तो गुळगुळीत होता. सूत सांधून सांधून रेषा झिजल्या होत्या. "रेशनच्या दुकानात मशीन माझाबी अंगठा घेत नाही," ते म्हणाले. इतकी वर्षे ज्याचा दोष मी कारकुनाच्या शाईला देत होते, तो निळा गोळा म्हणजे त्या माणसाचा धंदा होता.

आणि पोथी? दिवेलागणीनंतर त्यांच्या ओसरीवर चार घरांतली माणसे जमत. माग बंद, बाया सुताच्या कांड्या भरत बसलेल्या. वाचणारी त्यांची मोठी बहीण, चौथी शिकलेली. तीही हाताने कांडी भरत असे आणि पान उलटायचे काम धाकट्या भावाकडे, म्हणजे बाबाजींकडे होते. वहीत सभासद एक, वाचक एक. त्या वर्षीच्या पानांवर बाईचे नाव मला एकही सापडलेले नाही. बहिणीचे माहेरचे नाव विचारले तेव्हा बाबाजी अडखळले. ते सगळे तिला 'बाई' म्हणत, आणि लग्नात नाव बदलले ते शेवटपर्यंत तेच राहिले.

त्यानंतर त्यांनी यंत्र बंद करायला सांगितले आणि घराण्याबद्दल, दाखल्यांबद्दल काही सांगितले. ते मी इथे लिहिणार नाही. नोंदवहीतही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणाची नोंद दाखल नोंदवहीत करताना कर्त्याच्या रकान्यात बाबाजींचे नाव घातले, किमतीच्या रकान्यात 'भेट' लिहिले आणि शेऱ्यात एवढेच, की अठ्ठावन्नाव्या मिनिटानंतरची अकरा मिनिटे सांगणाऱ्याच्या इच्छेनुसार मुद्रित केलेली नाहीत. समितीच्या एका सदस्यांना हा शेरा अनावश्यक वाटला. मी तो खोडला नाही.

संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना फोन वाजला. नातू बोलत होता. बाबाजींना आठवले, लिहून घ्या म्हणाला. मागून बाबाजींचा आवाज येत होता, बहिणीचे नाव दोनदा, मोठ्याने. मी १९५५ चे पान उघडले आणि पहिल्या अंगठ्याच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने ते लिहिले.