तुम्ही विचारलंत म्हणून: सोने आता घ्यावे की थांबावे?

मी रोज सोन्याचे चार्ट पाहतो हे ठाऊक असल्याने, दसरा जवळ आला की शेजारीपाजारी आणि नात्यातली माणसे मला हाच प्रश्न विचारतात. त्यावर मी आधी एवढेच विचारतो की, सोने अंगावर घालायला हवे आहे की गुंतवणुकीसाठी? घरात लग्न ठरले असेल आणि 5 तोळे लागणारच असतील, तर तुमची जोखीम भाव चढण्याची आहे. गुंतवणूक करणाऱ्याची जोखीम भाव उतरण्याची असते. त्यामुळे एकच चार्ट दोघांनी वेगळा वाचायला हवा.

हे मी पैसे घालवून शिकलो. ऑगस्ट 2020 मध्ये वायदेबाजारातील भाव 10 ग्रॅमला 56 हजारांवर गेला, तेव्हा चार्टवरची रेघ रोज वर सरकताना पाहून मी हाताशी असलेली सगळी शिल्लक घातली आणि एका दिवसात 50 ग्रॅमचे बिस्कीट घेतले. मार्च 2021 मध्ये भाव 44 हजारांच्या आसपास उतरला आणि नेमके तेव्हाच वडिलांच्या उपचारासाठी पैसे लागले. नागपूरच्या इतवारीतल्या सराफी पेढीवर काट्यावर बिस्कीट ठेवले गेले; सराफांनी हिशेब करून कागदावर लिहिलेला आकडा माझ्या खरेदीच्या पावतीपेक्षा 60 हजारांहून अधिक कमी होता. पुढे भाव पुन्हा चढला, पण तोवर माझ्याजवळ सोने उरले नव्हते.

म्हणून आता गुंतवणुकीचा हिशेब मी तोट्यापासून सुरू करतो. झोप न उडता 40 हजारांचा तोटा सोसता येत असेल आणि 2020 नंतर झाली तशी 20 टक्के घसरण पुन्हा होऊ शकते असे धरले, तर सोन्यात 2 लाखांपेक्षा जास्त रक्कम घालायची नाही, आणि कर्ज काढून तर मुळीच नाही. ही रक्कम मी 4 भागांत विभागतो. भाव गेल्या 200 दिवसांच्या भावांच्या सरासरीच्या बराच वर ताणलेला असेल तर एकच भाग घेऊन थांबतो. 50 दिवसांच्या सरासरीजवळ उतरला तर दुसरा घेतो. चार्टवर माझा विश्वास एवढाच आहे. 23 जुलै 2024 रोजी अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले आणि रुपयातील भाव त्याच दिवशी कोसळला. आदल्या दिवशीच्या कोणत्याही रेघेत ते दिसणे शक्य नव्हते.

लग्नघराने मात्र घसरणीची वाट पाहत बसू नये. चार्ट पाहून 2-3 टक्के वाचतील, पण दोन दुकानांच्या घडणावळीतला फरक त्याहून मोठा असू शकतो, तेव्हा घासाघीस तिथे करावी आणि दागिन्यावर हॉलमार्कचा 6 अक्षरे-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, तपासून घ्यावा. माझ्या भाचीसाठी आम्ही दर महिन्याला एकेक तोळ्याचे नाणे घेतले, भाव कोणताही असो, आणि शेवटचे लग्नाच्या दोन महिने आधी, म्हणजे कारागिराला पाटल्या घडवायला पुरेसा वेळ मिळाला.