आमची वाटचाल : बग्गीचं चाक आणि तुटलेली शाफ्ट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं शेड 2008 पासून आहे. जुना लेथ, एक पिलर ड्रिल, मी आणि माझे भागीदार. त्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. पहिली काही वर्षं ऑइल इंजिनाच्या जॉबवर्कवर निघाली. पोट भरलं, हप्ते गेले.

बग्गीचं, म्हणजे मळ्यात फिरायच्या चारचाकी गाडीचं, काम आणलं आमच्या एका गिऱ्हाईकानं, त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांचं गुऱ्हाळ आहे, मळा मोठा. पाइपची चासी (सांगाडा), मोटरसायकलचं इंजिन आणि चाकंही मोटरसायकलचीच पाहिजेत म्हणाले. "पंक्चर गावात कुणीबी काढतंय, टायर कुठंबी मिळतंय." आम्ही तयार चाकं घेतली, एका बाजूनं शाफ्टवर चढवली आणि गाडी दिली. तिसऱ्या दिवशी वळणावर मागची रिंग दुमडली.

मामा ते चाक दोन दिवस बाकावर ठेवून बघत होते. मोटरसायकल वळताना कलते, म्हणून वजन चाकाच्या रेषेतच खाली उतरतं. बग्गी कलत नाही. सगळा रेटा टायरला आडवा बसतो, एका बाजूचे स्पोक ताणतात, दुसरीकडचे ढिले पडतात. त्यात हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, दोन्ही भोकपट्ट्या (स्पोक अडकवायच्या कडा) जवळजवळ, स्पोक जवळपास उभे. आडवा रेटा झेलायला काहीच नाही. शिवाय मोटरसायकलचा अ‍ॅक्सल दोन्हीकडून धरलेला असतो, इथं एकाच बाजूनं.

मग आमचा स्वतःचा हब झाला. पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठीचा लाकडी नमुना, मामांनी सागवानात केला, ओतकाम शिरोलीच्या फाउंड्रीत एसजी आयर्नमध्ये, म्हणजे सहज न तडकणाऱ्या चिवट बिडात. भोकपट्ट्यांतलं अंतर वाढवलं, 40 भोकं, बुलेटची रिंग, जाड स्पोक. आत 30206, बाहेर 30205 नंबरचं टेपर बेअरिंग, आडवा रेटाही झेलणारं. शाफ्ट ईएन 24 ह्या मजबूत मिश्र पोलादाची, आणि जिथं जाडी बदलते त्या खांद्याला गोलाई. ही गोलाई द्यायला मामा टूल स्वतः घासायचे, दुसऱ्याला हात लावू देत नव्हते.

2016 ला आमच्याच हाताखाली डायल गेज धरायला शिकलेल्या एकानं शेजारच्या गल्लीत दुकान टाकलं. आमचा एक हब नेला, तसाच ओतून घेतला आणि निम्म्या भावात विकायला लागला. शाफ्ट साध्या एमएस (मऊ पोलाद) बारची, खांद्याला टोकदार कोपरा. गिऱ्हाईक तिकडं गेलं. सहा महिन्यांत लेथ विकायची वेळ आली, मामींच्या पाटल्या बँकेत गेल्या. आणि त्याची एक शाफ्ट मळ्यात तुटून माणसाचा खांदा निखळला, तर नाव कुणाचं झालं? आमचं. हब दिसायला एकच.

तो तुकडा मी मागून आणला. अर्धा भाग गुळगुळीत काळपट, त्यावर शिंपल्यासारख्या रेषा. उरलेला खरखरीत, चमकता. चीर कोपऱ्यातून निघून दिवसेंदिवस आत सरकली होती, मग उरलेलं एका झटक्यात गेलं. तीन महिने मी तो पिशवीत घेऊन माणसांना दाखवत हिंडलो. बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली, पण माफी मागायला कुणी आलं नाही. ते अजून सलतं.

त्या दिवसांत काका आले. चार चाकांची ऑर्डर, सगळे पैसे आगाऊ. "पाटल्या आधी सोडवा," एवढंच बोलले.

आता ही कामं करणाऱ्या पोरांनो, टायरवर साइजच्या पुढं लिहिलेला भाराचा आकडा (लोड इंडेक्स) वाचा. 50 म्हणजे एक टायर 190 किलो पेलतो, 57 म्हणजे 230. माणसं धरून गाडीचं वजन 500 असेल तर चारानं भागून 125 धरू नका. वळणात बाहेरच्या दोन चाकांवर जवळपास सगळा भार जातो. नवीन बसवलेले स्पोक पहिल्या आठवड्यात परत कसा. आणि गाडी खाजगी जागेतच चालवा, गाडीत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 एकदा वाचून घ्या. अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय पॅटर्नला हात लावू नका, मग ओळखीचा असो की पाहुणा.

ती तुटलेली शाफ्ट मामांच्या बाकावर आहे. काकांची चाकं दरवर्षी गळीत सुरू व्हायच्या आधी येतात. स्टुलावर बसून पाना घेऊन ते स्वतः एकेक स्पोक वाजवत फिरवतात. परवा थांबले आणि म्हणाले, "मामा, ह्यो बघा, ह्याचा आवाज बसलाय." मामांनी निपलला, म्हणजे स्पोक कसायच्या नटाला, पाव फेरा दिला, काकांनी परत वाजवला, आणि पुढं सरकले.