तुम्ही विचारलंत म्हणून: श्रद्धा उरली का?

“बायबलची एवढी चिकित्सा केल्यावर तुमची श्रद्धा उरली का हो?” विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना ‘नाही’ ऐकायचं असतं, उरलेल्यांना ‘हो’. माझं उत्तर कुणालाच नको असतं.

ख्रिस्ती धर्मगुरूंच्या नायसीआच्या परिषदेत ३२५ साली मतदान घेऊन बायबलची पुस्तकं निवडली, ही दंतकथा आता मी खोडतही नाही. तिथला वाद ख्रिस्ताच्या देवत्वाचा होता; नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या, २७ पुस्तकांची आजची यादी दिसते ती बिशप अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतल्या तफावतींनीही माझी झोप उडाली नाही.

मी अडले योहानाच्या शुभवर्तमानातल्या बारा वचनांपाशी, ७:५३ ते ८:११. व्यभिचारात धरलेली स्त्री, तिला दगडमार व्हावी म्हणणारे शास्त्री, वाकून जमिनीवर बोटाने लिहिणारा आणि शेवटी तिला सोडून देणारा येशू. अभ्यासवर्गात मी सांगत होते, की चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या हस्तलिखितांत हा प्रसंगच नाही. काही हस्तलिखितांत तो चक्क लूकच्या शुभवर्तमानात, एकविसाव्या अध्यायानंतर येतो. जुन्या काळचा धर्मपंडित ऑगस्टिन, त्याला वाटे, बायकांना मोकळीक मिळेल या धास्तीने कुणीतरी तो गाळला असावा. आजचे बहुतेक अभ्यासक म्हणतात, मागाहून घातला. सगळे भराभर उतरवून घेत होते. मागच्या बाकावरच्या एक बाई उभ्या राहिल्या.

“म्हणजे तिला सोडलं नव्हतं?”

“तसं नाही. योहानाने हे लिहिलेलं नाही, एवढंच.”

“ते कळलं. तिला सोडलं का, ते सांगा.”

मी मौखिक परंपरेवर गेले, प्रसंग जुना असू शकतो म्हणाले. त्या बसल्या नाहीत. पानावर बोट ठेवून ऐकत राहिल्या, आणि वर्ग संपायच्या आत निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मी खोटं काही बोलले नव्हते, आजही तेच सांगेन. अनेक बायबलांत तशी टीप छापलेलीच असते, लपवाछपवी कसली? पाठचिकित्सा, म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ मजकूर शोधणं, वेगळी, श्रद्धा वेगळी, असं तेव्हा मी ठणकावून सांगायची. मग प्रार्थनेत मी हाच प्रसंग का वाचते? आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटची ती साप उचलण्याची, विष पिण्याची वचनं का टाळते? तीही त्याच दोन हस्तलिखितांत नाहीत. तिथे माझ्यातली चिकित्सक निवडत नसते, हे उघड आहे. मग कोण निवडतं?

श्रद्धा उरली आहे. ती या निवडीच्या आधीची की नंतरची, ते मला सांगता येत नाही. आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारणाऱ्याला तर मी सांगणारही नाही.