सोपा आहे का? तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढी वर्षं डोंगरात जाताय, तर अमुक ट्रेक सोपा आहे की नाही ते फक्त सांगा ना" असं कोणी ना कोणी विचारतंच, आणि मी उलट "जिना उतरताना कठडा धरता का" असलं काहीतरी विचारते, मग लोक म्हणतात ताई भाव खातात. नाही हो खात. एकदा सरळ उत्तर दिलं होतं, तेच आज सांगते.

अर्ध्या दिवसाचा ट्रेक, जाऊन-येऊन आठेक किलोमीटर, ६०० मीटर चढ, माथ्याखाली दहा-बारा फुटांचा एक रॉकपॅच, म्हणजे उभ्या कातळाचा टप्पा. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा एक हिशोब आहे, पाच किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, त्याने हे सगळं पावणेतीन तासांच्या आत बसतं. रॉकपॅचही योसेमिटी ग्रेडने, म्हणजे चढाई किती अवघड ते सांगणाऱ्या अमेरिकन श्रेणीने, क्लास ३, म्हणजे हात लावावे लागतात पण दोर सहसा लागत नाही. म्हणून मावसबहिणीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, अगं एकदम सोपा आहे, चल.

चढताना खरंच सोपा होता. खारीसारखी गेली वर. चढताना पुढची खाच डोळ्यांसमोर असते, उतरताना तीच खाच आपल्याच पोटाखाली लपते, हे मला माहीत होतं आणि मी ते तिला सांगितलं नव्हतं. आणि हे लिहायला लाज वाटते, पण उशीर होतोय म्हणून मी आधी उतरले आणि चालायला लागले. वीस-पंचवीस पावलं गेले असेन, मागून हाक आली, ताई, पाय कुठे ठेवू?

वळून बघते तर ही कातळाला पालीसारखी चिकटलेली. डावा पाय एका खाचेत, आणि उजव्या बुटाचं टोक नुसतं खरवडतंय, पाय ठेवायची जागा त्याच्या फार तर सहा इंच खाली. डावा पाय लटलट कापायला लागलेला. आणि मी, एवढी अनुभवी बाई, खालून ओरडले काय, तर "खाली बघू नकोस!" अगं मग पाय ठेवायचा कसा तिने? खाली बघणं हेच तर तिथलं काम होतं. अंग कातळापासून जरा लांब घे म्हणजे पाय दिसतील आणि तळव्यांवर वजन येऊन पकडही बसेल, हे मला सुचलं ते पंधरा मिनिटांनी, आणि तोवर ती कुणाचंही काही ऐकण्यापलीकडे गेली होती. रडत नव्हती. "थांब, थांब, थांब" एवढंच म्हणत होती, कुणाला ते कळत नव्हतं. मी वर चढायला गेले तर माझेच हात घामाने निसटत होते.

शेवटी खालून चढत आलेला एक अनोळखी माणूस तिच्या पायाशी पोचला, काही न बोलता त्याने तिची टाच धरली आणि खाचेत ठेवली. मग दुसरी टाच. दहा फुटांना पन्नास मिनिटं. नाइस्मिथच्या हिशोबात ही बसत नाहीत.

आता तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. खोटं काय बोलले मी? दगड सोपाच होता, शाळेतली पोरं उतरतात तिथून. ग्रेड दगडाला देतात, घाबरणाऱ्याला कोण ग्रेड देणार. आणि अवघड म्हटलं असतं तर ती आलीच नसती, वर पोचल्यावर जो चेहरा झाला होता तिचा तो कुणी बघितला असता? यावर माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. खाली थांबून पाय दाखवले असते तर हा लेखच नसता, म्हणजे कदाचित चूक त्या शब्दाची नव्हतीच, माझ्या घाईची होती. पण मग मी शब्दावर का राग काढते, तर शब्द टाळणं सोपं आहे म्हणून.

बहीण त्यानंतर आली नाही. ऊन सोसत नाही म्हणते. मी विचारत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते, कठडा धरता का, शिडीवरून उतरताना तोंड कुठे असतं, सोबत कोण आहे आणि तो थांबणारा आहे का. वैताग येतो, कळतं मला. परवा एकाने फारच पिच्छा पुरवला तेव्हा कंटाळून "हो, सोपा आहे" म्हणून टाकलं. तो जाऊन आला. म्हणाला, खरंच सोपा होता की.