तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलवरनं कोकण, खर्च किती?

कारखान्यात, मिसळीच्या गाडीवर, पन्हाळ्याच्या चढाला दम खायला थांबलो की तिथं, सगळीकडं एकच प्रश्न. "सायकलवरनं कोकणात गेलतासा म्हणं, किती खर्च आला?" मी आकडा सांगतो आणि समोरचा म्हणतो येवढ्यात कसं काय बसलं, मग ते सांगायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ कुणाकडं नसतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

आकडा आधी देतो. पाच दिवस, चार रात्री, साधारण साडेतीनशे किलोमीटर. कोल्हापूर, गगनबावडा, वैभववाडी, देवगड, मालवण, कणकवली, फोंडा, राधानगरी आणि परत घर. एकट्याचा वाटखर्च २६४० रुपये. त्यात झोपायचे १५००, खाणं-चहा १०८० आणि मालवणात एक पंक्चर आणि हवा मिळून ६०. सायकलीचा खर्च वेगळा, तो पुढं सांगतो.

पण हा आकडा नुसता सांगून उपयोग नाही, त्याच्या आधीच्या वेळी काय झालं ते सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. पहिल्यांदा निघालो तेव्हा तीन दिवसात गोवा ठरवलेलं, आणि पहिल्याच दिवशी बेळगाव, ११० किलोमीटर. हायवे आहे, रस्ता चांगला आहे, काय होतंय. निपाणीपर्यंत मजेत गेलो, पुढं तवंदी घाटात पाय भरून आले, आणि नंतर जो समोरनं वारा लागला तो संध्याकाळपर्यंत थांबलाच नाही. अंधार पडला तरी मी रस्त्यावरच. उसाचा सीझन होता, पुढं काय चाललंय ते कळेना, आणि अचानक दहा फुटांवर उसानं भरलेली ट्रॉली, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसती काळी भिंत. ब्रेक लागला म्हणून आज हे लिहितोय. नऊ वाजता बेळगावात पोचलो, दिसलं ते पहिलं लॉज घेतलं, भाव विचारायची सुद्धा ताकद नव्हती. सकाळी उजवा गुडघा वाकेना. औषध, जेवण, लॉज आणि सायकल घालून कोल्हापूरला आणणारा टेम्पो, दीड दिवसात तीन हजार गेले आणि गोवा राहिला तो राहिलाच.

नंतर घरी पडल्या पडल्या त्या तीन हजारांचा हिशोब काढला, तर त्यातला जवळजवळ प्रत्येक रुपया उशीर झाल्यामुळं नाहीतर गुडघ्यामुळं गेलेला, आणि ती दोन्ही दुखणी ११० किलोमीटरची. तेव्हापासून मी आधी अंतराचं गणित करतो, पैशाचं त्याच्या मागनं आपोआप होतंय. दिवसाला साठ-सत्तर, घाट असला तर त्याहून कमी, आणि काही झालं तरी दुपारी साडेतीन-चारला मुक्कामाच्या गावात. लोक उलटं करतात, दिवस वाचवले की एका रात्रीचे पैसे वाचतात असं त्यांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

चार वाजता पोचल्यानं काय होतं ते सांगतो. उजेड असतो, लोक बाहेर असतात, तुम्ही कोण आहात ते त्यांना दिसतं. दोन लॉज बघून तिसरं घेता येतं. रात्री नऊला घामाघूम झालेला अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर आपण तरी त्याला जागा देऊ का? शेवटच्या मुक्कामाला फोंड्याच्या अलीकडं एका गावात मी आधी किराणा दुकानात गेलो, पाण्याची बाटली आणि बिस्किटं घेतली, तिथंच बाकड्यावर बसून चहा घेतला. दुकानदार काकांनी विचारलं, "खंयसून इलात?" कोल्हापूरहून, मालवण करून आलो, उद्या घाट चढून घरी जाणार म्हटलं. ते सायकलीभोवती एक चक्कर मारून आले, पिशव्या चाचपून बघितल्या, मग म्हणाले "जेवलात काय?" जागेचं मी विचारायच्या आधी त्यांनीच देवळाच्या माणसाला फोन लावला. सभामंडपात झोपलो, बाहेर नळ होता, रात्रभर एक बल्ब चालू. मी आधार कार्डाची झेरॉक्स स्वतःहून दिली आणि घरचा नंबर लिहून दिला, कारण ज्यानं आपल्याला जागा दिली त्याच्या मागं उद्या प्रश्न यायला नकोत. सकाळी मंडप झाडला आणि पेटीत शंभर रुपये टाकले. ते शंभर वरच्या १५०० मध्ये धरलेले आहेत. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बरेच जण विचारतात की फुकट कुठं राहता येतं. असं मनात धरून निघू नका. देवळानं आसरा दिला तर त्याचं मोल आपल्या बजेटमध्ये आधीच लिहिलेलं पायजे, नाहीतर आपली बचत म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं. देवगडजवळच्या कुणकेश्वरला भक्तनिवासात पैसे भरून राहिलो, वैभववाडीत साधं लॉज, मालवणात एका घरची खोली, सगळीकडं आधी दर विचारून.

आता सायकल. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्यामुळं लोखंडाचं जरा कळतं आणि त्याचाच फायदा झाला. जुनी स्टीलच्या फ्रेमची २६ इंची गियरवाली सायकल ६५०० ला घेतली. स्टील का, तर जड असलं तरी कुठं तडा गेला तर कुठल्याही तालुक्याच्या गावात वेल्डिंगवाला जोडून देतो, ॲल्युमिनियम जोडणारा सहज मिळत नाही. २६ का, तर त्या मापाची ट्यूब लहान गावातल्या सायकल दुकानात सुद्धा असते, ७०० ची, म्हणजे नव्या मोठ्या चाकाच्या सायकलींच्या मापाची, असेलच असं नाही. व्हॉल्व्हचं पण तेच, मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असला की कुठल्याही पंक्चरवाल्याकडं हवा भरता येते, बारीक व्हॉल्व्हला वेगळा ॲडॉप्टर लागतो. चाळीस हजाराची सायकल असेल तर उत्तमच आहे, पण ती नाही म्हणून थांबू नका. फक्त सगळ्यात हलका गियर खरोखर हलका पायजे, म्हणजे मागची सगळ्यात मोठी चकती पुढच्या सगळ्यात लहान चकतीपेक्षा दातांनी मोठी. माझी पुढं २८ आणि मागं ३४ आहे. घाटात गुडघा यानंच वाचतो.

कॅरिअरचं थोडं जास्त सांगतो, कारण ट्रिप मोडते ती बहुतेक इथं. आधी बाजारातलं ॲल्युमिनियमचं कॅरिअर लावलेलं, ते सरावातच, सामान लावून जोतिबाला जाताना जोडावर चिरलं. मग आमच्याच गल्लीतल्या वेल्डरकडनं सळीचं करून घेतलं, ४५० रुपये. वजन वाढलं पण ते हलत नाही. ते फ्रेमला धरतं पाच एमेमच्या बोल्टवर, आणि खराब रस्त्यावर हे बोल्ट थरथरून हळूहळू सैल होतात, तुम्हाला कळत पण नाही, मग एक पडतो आणि सगळा भार दुसऱ्यावर येऊन तो तुटतो. म्हणून आतनं नायलॉक नट लावा, नायलॉनची रिंग असलेला, तो सहज सुटत नाही. आणि रोज सकाळी निघायच्या आधी ॲलन की घेऊन चारही बोल्टना हात लावायचा. सोबत चार बोल्ट जादा ठेवा, किंमत चहाच्या कपापेक्षा जास्त नाही. पिशव्या मी बाइकची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडनं ताडपत्रीच्या शिवून घेतल्या, ७०० रुपये जोडी, आत प्लॅस्टिकची पिशवी. वरचं सामान बांधायला जुन्या स्कूटरच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. मागच्या चाकाच्या तारा निघायच्या आधी कसून घ्या, ओझ्यानं तार तुटते ती बहुतेक मागं, गियरच्या बाजूची.

रस्त्याचं म्हणाल तर जायला गगनबावडा आणि यायला फोंडा घाट, हे मी विचार करून ठरवलं. पहिल्या दिवशी बालिंगा, कळे, साळवण करत ५५ किलोमीटर हळूहळू चढत जायचं, पाय ताजे असतात. गगनबावड्यातनं दोन घाट उतरतात, करूळ आणि भुईबावडा, मी करूळनं उतरलो. घाट चालू आहे का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, पावसाळ्यात दरडी येतात. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते, ब्रेक शू जळल्याचा वास येतो. थोडं दाबा, सोडा, आणि दोन-तीनदा थांबून चाक गार होऊ द्या, तेवढ्यात खालचं कोकण पण बघून होतं.

देवगड ते मालवण नकाशात जेमतेम पन्नास किलोमीटर आहे आणि समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट असणार असं कुणालाही वाटतं. तसं अजिबात नाही. खाडीवरच्या पुलावरनं वर सड्यावर चढायचं, तांबड्या कातळावरनं उन्हात थोडं जायचं, की परत खाली पुढच्या खाडीला, की परत वर. घाट एकदा चढून संपतो, हे दिवसभर चालतं. मला पूर्ण दिवस लागला आणि मी तो आधीच धरलेला, म्हणून मिठबावला एका झाडाखाली तासभर आडवा होऊ शकलो, आचऱ्याला शहाळं घेतलं, आणि संध्याकाळी मालवणात सुरमईचं ताट खाल्लं. त्या ताटासाठी बाकीचे दिवस राइस प्लेटवर काढले आणि त्यात मला काही कमी वाटलं नाही.

खाण्याचं आपल्याकडं सोपं आहे. पहिल्या दिवसाला घरनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दिवाळीनंतर निघालात तर नवा गूळ बाजारात आलेला असतो, गूळ-शेंगा एका डब्यात, दर तासाला मूठभर, भूक लागायच्या आधी. महागड्या एनर्जी बारची गरज मला एकदाही पडली नाही. कोकणात घाम फार येतो, नुसतं पाणी पिऊन भागत नाही, म्हणून एक बाटली जलसंजीवनीची करून ठेवायची, लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा.

शेवटच्या दिवशी फोंडा घाट उजाडता उजाडता सुरू केला, अडीच तास लागले, मधे दोनदा उतरून ढकलली. तीन लिटर पाणी खालनंच भरून घ्या. वर दाजीपूर, म्हणजे गव्यांचं जंगल, अंधारात तिथनं सायकल घालू नका, गवा रस्त्यात उभा असतो आणि तो आपल्यासाठी बाजूला होत नाही. त्याच्या पुढं मात्र शाहू महाराजांच्या राधानगरी धरणाच्या पाण्याकडेनं जो रस्ता उतरत येतो, तो सगळ्या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता तुकडा आहे. राधानगरीपासनं घर पन्नास किलोमीटर, आणि तिथनं पुढं परत उसाच्या ट्रॉल्या. मागं लाल ब्लिंकर दिवसा पण चालू ठेवा, पिशव्यांवर रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा.

आणि परतीचे पैसे. १५०० रुपये वेगळ्या पाकिटात, पिशवीच्या तळाला, काही झालं तरी हात लावायचा नाही. कोकणात सायकल मोडली तर रेल्वेनं थेट कोल्हापूरला येता येत नाही, कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे लाइन अजून कागदावरच आहे, मग टेम्पो नाहीतर एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरना विनंती, येवढंच उरतं. ते पाकीट असलं की रात्री झोप लागते. माझे ते १५०० तसेच परत आले, पण म्हणून पुढच्या वेळी ते न घेता जाणार नाही.

घरचे काय म्हणाले, हे पण विचारतात लोक. आई घाबरली होती. तिला चारही मुक्कामांची गावं कागदावर लिहून दिली, रोज पोचल्यावर चारला फोन, आणि एक दिवस रेंज नव्हती तेव्हा दुकानातनं केला. तिसऱ्या दिवसापासनं ती उलट विचारायला लागली की आज काय खाल्लंस, समुद्र कसा आहे.

अजून एक राहिलं. निघायच्या आधीच्या रविवारी सगळं सामान भरून, पिशव्या लावून, पाण्यासकट पन्हाळा करून या. वीस किलोमीटर आहे, आजूबाजूच्या सपाटीपेक्षा चारशे मीटरभर वर, घाटाला काय लागतंय ते तिथंच कळतं. उतरताना मोबाइलवर गाणी लावू नका. कॅरिअर खडखडतंय का ते ऐकत या.