एका गोधडीत दोन ऋतू

गोधडीला उलटी बाजू नसते, असं आजी म्हणायची. दोन्हीकडून पांघरता आली पाहिजे. कासच्या पठारावरून दुसऱ्यांदा परतताना ते आठवलं.

पहिल्यांदा गेले ती सप्टेंबरात. तेरड्याचा गुलाबी-जांभळा, सोनकीचा पिवळा, ओलसर जागी सीतेच्या आसवांची निळी नक्षी, गेंदाचे पांढरे ठिपके. पुढच्या मे महिन्यात गेले, तर नुसता भाजलेला जांभा! मला तो जास्त आवडला, खरं सांगते. वीतभर माती नाही आणि त्यावर एवढं सगळं उगवतं.

म्हणून दोन्ही ऋतूंची एक गोधडी शिवायला घेतली: वरच्या बाजूला आईच्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे, खाली घरीच रंगवलेलं धोतर. डाळिंबाच्या साली तुरटीबरोबर उकळल्या की पिवळा येतो. गंजलेल्या खिळ्यांचं पाणी घातलं की तोच करडा-हिरवट होतो, ऑक्टोबरात वाळू लागलेल्या गवतासारखा. जांभ्यासाठी मंजिष्ठा घेतली. पाणी जास्त तापलं आणि लालाचा तपकिरी झाला. तोच ठेवला, कारण मेमधला दगड तसाच होता.

आता धावदोरा चालू आहे, कडेपासून आत, फेऱ्याफेऱ्यांनी. टाका दोन्हीकडे दिसतो, त्यामुळे सोनकीचा पिवळा दोरा जांभ्यावरही उमटलाय. उसवू की नको, यात दोन दिवस गेले. नाही उसवला. उन्हाळ्यात बिया तिथेच तर असतात.

मधला हातभर चौकोन कारवीसाठी मोकळा आहे. ती साधारण ७ वर्षांनी फुलते; मी अजून पाहिलेली नाही.